नाडीचे दिवे

दिव्याचे काम उजेड देणे. देवघरातील समई असो, रस्त्यावरील खांबाचा दिवा असो किंवा अभ्यासाच्या मेजावरचा दिवा असो, आपल्यासमोर कोण आले आहे याची त्याला दखल नसते. राजा आला म्हणून त्याची ज्योत उंच होत नाही आणि रंक आला म्हणून ती खाली येत नाही. समोर कोणी नसले तरी तो तसाच जळत राहतो. परंतु गेल्या काही दशकांत कलावंत आणि यंत्रविद्येचे जाणकार यांनी मिळून निराळ्या प्रकारचे दिवे घडविले आहेत. माणसाच्या हालचालीला, आवाजाला किंवा स्पर्शाला हे दिवे उत्तर देतात. माणूस आलाच नाही, तर त्यांचे काम अपुरे राहते. अशा दिव्यांची एखाद्या दालनात किंवा चौकात केलेली रचना म्हणजे प्रकाशाचे मांडणशिल्प होय. असे मांडणशिल्प कसे योजतात, त्याला लागणारी आज्ञावली कशी लिहितात आणि एवढा खटाटोप कशासाठी करतात, हे समजून घेण्यास मेक्सिको देशातील एका कलाकृतीचे उदाहरण फार उपयोगी पडेल.

इ. स. २००६ मध्ये मेक्सिकोतील प्वेब्ला शहरात राफाएल लोसानो-हेमेर या कलावंतांनी ही कृती प्रथम मांडली. तिचे नाव ‘पल्स रूम’, म्हणजेच ‘नाडीचे दालन’. या दालनात काळोख असतो. छताखाली, जमिनीपासून सुमारे ३ मीटर उंचीवर, पारदर्शक काचेचे विजेचे दिवे ओळीओळींनी टांगलेले असतात. जागा लहान असेल तर १००, मोठी असेल तर ३०० पर्यंत. घरोघरी पूर्वी ४० किंवा ६० वॅटचे दिवे असत. येथील एकेक दिवा ३०० वॅटचा असतो. काच स्वच्छ असल्यामुळे आतील बारीक तार तापून लाल होते, मग पिवळी होते आणि पुन्हा विझत जाते, हे सारे स्पष्ट दिसते. सर्व दिवे एकाच वेळी उघडझाप करीत नाहीत. एकाची लय संथ, तर शेजारच्याची लगबगीची. क्षणभर दोन दिवे एकत्र उजळतात आणि लगेच त्यांची जोडी फुटते.

दालनाच्या एका बाजूस एक यंत्र उभे केलेले असते. त्यावर हात ठेवले की ते माणसाच्या हृदयाचे ठोके टिपते. पाहावयास आलेला मनुष्य ते धरून उभा राहतो. काही क्षण जातात, आणि त्याच्या जवळचा दिवा उघडझाप करू लागतो. ती लय त्याच्याच हृदयाची असते. हात काढून घेताच दालनातील सारे दिवे क्षणभर मालवतात. मग ते पुन्हा उजळतात, परंतु आता प्रत्येक लय एकेक दिवा पुढे सरकलेली असते. नव्या माणसाच्या हृदयाची लय रांगेतील पहिल्या दिव्यावर स्थिर होते, पहिल्याची दुसऱ्यावर जाते, दुसऱ्याची तिसऱ्यावर जाते; आणि रांगेच्या टोकाला जी लय होती, ती दालनातून निघून जाते. दालनात १०० दिवे असतील, तर येऊन गेलेल्या शेवटच्या १०० माणसांची हृदये तेथे एकाच वेळी उजळत असतात.

ही कल्पना कशी सुचली? लोसानो-हेमेर यांचा जन्म १९६७ साली मेक्सिको शहरात झाला. पुढे कॅनडातील माँट्रिऑल येथे त्यांनी भौतिक रसायनशास्त्राचा अभ्यास केला. त्यांच्या पत्नीच्या पोटी जुळी मुले होती, तेव्हा त्यांनी दोन यंत्रांच्या साहाय्याने दोन्ही बाळांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी ऐकण्याची व्यवस्था करून घेतली. दोन्ही ठोके एकमेकांत मिसळत होते, तरी दोहोंची लय सारखी नव्हती. या अनुभवाला एका जुन्या चित्रपटातील दृश्याची जोड मिळाली. ‘माकारिओ’ या १९६० सालच्या मेक्सिकन चित्रपटात एक गुहा दाखविली आहे. तिच्यात असंख्य मेणबत्त्या तेवत असतात आणि प्रत्येक मेणबत्ती म्हणजे एका जिवंत माणसाचे आयुष्य असते. बाळांचे ठोके आणि गुहेतील मेणबत्त्या यांतून नाडीच्या दालनाची कल्पना आकारास आली.

कल्पना सुचणे ही पहिली पायरी. ती प्रत्यक्षात उतरविण्यासाठी अशा प्रत्येक कृतीत तीन कामे व्हावी लागतात. पहिले काम टिपण्याचे, दुसरे ठरविण्याचे आणि तिसरे दाखविण्याचे. मनुष्याच्या देहातही असेच चालते. डोळा चेंडू पाहतो, मेंदू ठरवितो आणि हात तो झेलतो. तिघांपैकी एकाने जरी हयगय केली, तरी चेंडू जमिनीवर पडतो.

टिपण्याचे काम करणाऱ्या साधनाला संवेदक म्हणतात. हृदयाचे ठोके टिपण्याचा एक नेहमीचा मार्ग विजेचा आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्याच्या स्नायूंत विजेचा एक सूक्ष्म तरंग उत्पन्न होतो. तो शरीरभर पसरतो आणि कातडीपर्यंत पोचतो. रुग्णालयात हृदयाचा आलेख काढतात, तो याच तरंगांचा. मात्र कातडीवर या तरंगाचे बळ साधारणपणे एका व्होल्टच्या हजाराव्या भागाइतके असते. विजेरीतील साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा तरंग किती दुबळा आहे याची कल्पना येईल. म्हणून धातूच्या पट्ट्यांवर हात ठेवून मिळालेला हा तरंग आधी अनेक पटींनी वाढवावा लागतो.

वाढविण्यात एक अडचण आहे. तरंगाबरोबर गोंगाटही वाढतो. हाताचे स्नायू आवळले तर त्यांची स्वतःची वीज ठोक्याच्या विजेत मिसळते. भिंतीतील तारांतून वाहणाऱ्या विजेचाही उपसर्ग पोचतो. या गर्दीतून खरा ठोका निवडावयाचा कसा? येथे शरीरशास्त्राचे ज्ञान कामी येते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा पडते. ७२ ठोके धरले, तर दोन ठोक्यांमधील अंतर ६० भागिले ७२, म्हणजे सुमारे ०.८३ सेकंद येते. आता संवेदकाने दोन ठोक्यांमध्ये ०.१ सेकंदाचेच अंतर दाखविले, तर त्याचा अर्थ मिनिटाला ६०० ठोके असा होईल. मनुष्याचे हृदय इतके वेगाने चालत नाही. तेव्हा हा ठोका खोटा, असे समजून तो टाकून द्यावा लागतो. लहान मुलांचे हृदय मोठ्यांपेक्षा जलद चालते आणि तान्ह्या बाळाचे तर त्याहूनही जलद, हे मात्र विसरून चालत नाही. मर्यादा फार आखडली, तर खऱ्या ठोक्यांवरही अन्याय होईल.

ठरविण्याचे काम संगणकाचे. संगणक आज्ञाधारक असतो. समंजस मात्र नसतो. जे सांगावे तेच तो करतो, जे सांगावयाचे राहिले ते कधीच करीत नाही. म्हणून त्याला द्यावयाच्या आज्ञा एकामागून एक, काहीही न गाळता लिहाव्या लागतात. अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. नाडीच्या दालनासाठी ती लिहावयाची झाली, तर तिचा आरंभ असा होईल: यंत्रावर हात आहेत काय ते पाहा. नसतील, तर पुन्हा पाहा. असतील, तर ठोक्यांमधील अंतरे मोजा. काही ठोके सारख्या अंतराने आले, तर जवळचा दिवा त्या लयीत पेटवा आणि विझवा. हात निघाले, तर सर्व लयी एकेक जागा पुढे सरकवा. मग पुन्हा पहिल्या आज्ञेकडे जा. घाण्याचा बैल जसा दिवसभर त्याच वर्तुळात फिरतो, तसा संगणक या आज्ञांच्या फेऱ्या घालीत राहतो. मात्र त्याच्या एका फेरीला सेकंदाचा लहानसा अंशही पुरतो.

या आज्ञांपैकी ‘एकेक जागा पुढे सरकवा’ ही आज्ञा ऐकावयास सर्वांत सोपी, परंतु फसवी आहे. संगणकाच्या स्मरणात ३०० खणांचे एक लांब कपाट आहे, असे समजावे. प्रत्येक खणात एकाच माणसाची लय मावते. नवी ठेवली की जुनी पुसली जाते. पहिल्या खणात एका शेतकऱ्याची लय आहे, दुसऱ्यात एका परिचारिकेची आणि तिसऱ्यात एका शाळकरी मुलीची. नवखा लेखक पहिल्या खणापासून सुरुवात करील. पहिल्याची लय तो दुसऱ्यात ठेवील. झाले! परिचारिकेची लय पुसली गेली. आता दुसऱ्याची लय तिसऱ्यात ठेवावयाची. पण दुसऱ्यात तर शेतकऱ्याचीच लय आहे. तिसऱ्यातील मुलीची लयही गेली. असे करीत करीत ३०० व्या खणापर्यंत एकट्या शेतकऱ्याची लय पोचेल आणि दालनातील बाकी सारी हृदये नाहीशी होतील.

यावर उपाय काय? वर्गातील बाकावर पाच मुले दाटीने बसली आहेत आणि प्रत्येकाने एकेक जागा सरकावयाचे आहे, अशी कल्पना करावी. टोकाच्या मुलाला आधी उठावे लागते. तो उठला की चौथा त्याच्या जागी सरकतो, मग तिसरा चौथ्याच्या जागी, आणि शेवटी पहिली जागा मोकळी होते. आज्ञावलीतही हाच क्रम ठेवावा लागतो. ३०० व्या खणातील लय आधी निघून जाऊ द्यावयाची, २९९ व्याची तेथे आणावयाची, २९८ व्याची २९९ व्यात ठेवावयाची. असे उलट येत येत पहिला खण रिकामा झाला, म्हणजे नव्या पाहुण्याची लय त्यात ठेवावयाची. आज्ञा त्याच, फक्त क्रम उलटा. तेवढ्यावर ३०० निरनिराळी हृदये जपली जातात. क्षुल्लक वाटणाऱ्या क्रमावर सबंध कृतीचा अर्थ कसा अवलंबून असतो, हे यावरून ध्यानात येईल.

तिसरे काम दाखविण्याचे. संगणकातून निघणारा आकडा आणि टांगलेला दिवा यांच्यामध्ये दुवा लागतो. रंगभूमीवरील दिव्यांसाठी १९८६ साली अमेरिकेत ‘डीएमएक्स ५१२’ या नावाची एक सांकेतिक पद्धत ठरविण्यात आली. प्रकाशाच्या योजनांत ती आजही सर्वत्र वापरली जाते. तिच्यात एका तारेवरून ५१२ आकडे एकामागून एक वारंवार पाठविले जातात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे पूर्ण अंधार, २५५ म्हणजे पूर्ण प्रकाश. हे आकडे डिमर नावाच्या उपकरणाकडे जातात आणि तो त्या त्या दिव्याला त्या मानाने वीज पुरवितो.

दिव्याची निवड हासुद्धा विचाराचा भाग आहे. तारेचा दिवा बटण बंद केले तरी एकदम विझत नाही. तार निवण्यास थोडा वेळ लागतो. त्यामुळे त्याची उघडझाप मऊ आणि सजीव वाटते. नव्या एलईडी दिव्यांना वीज कमी लागते, पण ते क्षणार्धात पेटतात आणि क्षणार्धात विझतात. अनेक देशांत तारेच्या दिव्यांची विक्री आता बंद झाली आहे. एलईडीकडून तीच मृदू लय हवी असेल, तर २५५ वरून एकदम ० वर न येता मधले आकडे क्रमाने उतरत यावेत, अशी आज्ञा लिहावी लागते. जुन्या दिव्यात जे आपोआप घडत होते, ते नव्या दिव्याला शिकवावे लागते.

योजकाला सुरक्षिततेचा विचारही करावा लागतो. ३०० वॅटचे १०० दिवे पूर्ण तेजाने एकदम लागले, तर ३०,००० वॅट वीज लागेल. एवढ्या विजेच्या तारा जेथे आहेत, तेथेच माणसे संवेदकावर हात ठेवून उभी असतात. म्हणून संवेदकाचा भाग फार थोड्या दाबाच्या विजेवर चालवितात आणि दिव्यांच्या विजेपासून तो पूर्णपणे अलग ठेवतात. तसेच दिव्याने उत्तर विनाविलंब द्यावे लागते. ठोका आता पडला आणि दिवा दोन सेकंदांनी उजळला, तर ‘हे माझे हृदय’ ही ओळख पाहुण्याला पटत नाही.

लोसानो-हेमेर यांनी याआधी केलेली एक कृती आकाराने कितीतरी मोठी होती. इ. स. २००० चे स्वागत करण्यासाठी मेक्सिको शहरातील सोकालो या विशाल चौकाभोवती त्यांनी प्रखर झोताचे १८ दिवे बसविले. जगातील कोणत्याही ठिकाणाहून मनुष्य इंटरनेटवरून या झोतांची रचना ठरवू शकत असे, आणि त्याने ठरविलेली आकृती आपल्या पाळीने आकाशात उमटत असे. सुमारे दोन आठवड्यांत ८९ देशांतील ८,००,००० लोकांनी त्यात भाग घेतला. तेथेही टिपणे, ठरविणे आणि दाखविणे ही तीनच कामे होती, आणि तेथेही पाळी होती. एका चौकाचे आकाश दूरदेशीच्या सामान्य माणसांच्या हाती देण्यात आले होते. मात्र त्यांच्यापैकी कोणी ते आपल्यापाशी ठेवून घेऊ शकत नव्हता.

२००७ साली इटलीतील व्हेनिस येथील प्रसिद्ध कलाप्रदर्शनात लोसानो-हेमेर यांनी मेक्सिको देशाचे प्रतिनिधित्व केले. तेथे नाडीचे दालन मांडण्यात आले होते. २०१८-१९ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराच्या हर्शहॉर्न संग्रहालयातही ते लोकांना पाहावयास मिळाले. दालन कोठेही असले, तरी त्यात एक गोष्ट सारखीच असते. दिव्यांखाली कोणाचे नाव लिहिलेले नसते. कोणते हृदय श्रीमंताचे, कोणते गरिबाचे, कोणते विद्वानाचे आणि कोणते निरक्षराचे, हे दिव्याकडे पाहून सांगता येत नाही. आत शिरणाऱ्याला प्रथम अनोळखी माणसांची हृदये दिसतात. त्यांच्या रांगेत तो आपले हृदय मिळवितो आणि निघून जातो. तो घरी पोचेपर्यंत त्याची लय दालनात पुढे पुढे सरकत असते. पुरेशी माणसे येऊन गेली, की ती टोकाला पोचते आणि मालवते. ती मालवते म्हणूनच नव्या पाहुण्याला जागा मिळते. ‘माकारिओ’तील गुहेची आठवण येथे सहज होते. आयुष्याला शेवट आहे, ही गोष्ट हे दालन कोणालाही न घाबरविता सांगते.

माणसाची नाडी टिपणारे यंत्र चांगल्या कामी येते, तसे वाईट कामीही येऊ शकते. आज हातातील घड्याळेसुद्धा हृदयाचे ठोके मोजतात. असे टिपण कोणाकडे जाते, ते किती दिवस ठेवले जाते आणि ते पाहण्याचा अधिकार कोणाला असतो, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. माणसाला प्रतिसाद देणारी वस्तू जो घडवितो, त्याने माणसाकडून काय घ्यावयाचे आणि काय घ्यावयाचे नाही, हे आधीच ठरविले पाहिजे. नाडीच्या दालनात पाहुण्याकडून एक लय घेतली जाते. ती सर्वांसमक्ष दाखविली जाते आणि पाळी संपली की दिव्यांवरून उतरविली जाते. या मर्यादेमुळे अनोळखी माणूस तेथे निःशंकपणे हात पुढे करू शकतो.

हे शास्त्र शिकण्यास आता मोठ्या प्रयोगशाळेची गरज राहिलेली नाही. इटलीतील इव्ह्रेआ गावच्या एका शिक्षणसंस्थेत २००५ साली विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ नावाची तळहाताएवढी संगणक-पाटी तयार करण्यात आली. तिला एक छोटा एलईडी दिवा आणि एक बटण जोडून, सेलच्या अल्प विजेवर, शाळकरी विद्यार्थ्यालाही पहिला प्रयोग करता येतो. बटण दाबले तर दिवा लावा, सोडले तर मालवा, एवढ्याच आज्ञा त्याला पुरतात. पुढे बटणाच्या जागी आवाज किंवा उजेड टिपणारा संवेदक येतो, एका दिव्याचे दहा दिवे होतात आणि आज्ञांची संख्या वाढत जाते. परंतु तारा जोडण्यापूर्वी प्रत्येक योजकाने स्वतःला एक प्रश्न विचारावयाचा असतो: या दिव्याने माणसातील कोणत्या गोष्टीची दखल घ्यावी? लोसानो-हेमेर यांनी त्यासाठी प्रत्येकापाशी असणारी, परंतु कोणाच्याही डोळ्यांना न दिसणारी गोष्ट निवडली, आणि ती दिव्यांच्या रांगेत सर्वांना पाहता येईल अशी मांडली.